नातीचा फॉर्म आणि प्रवरेचा कारखाना

मंडळी, बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. मध्यंतरी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि चिरंजीवांनी संगणकासमोर बसायला बंदी घातली. आता चष्मा बदललाय, बंदी उठलीय आणि लिहायला निमित्तही मिळालंय.

निमित्त धाकट्या नातीचं. ती पुण्याला कॉलेजात आहे, बी. ए.चं तिसरं वर्ष, विषय अर्थशास्त्र. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली होती. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी तिने एक कागद माझ्यापुढे ठेवला.

"आजोबा, हे बघा ना. सुट्टी संपली की द्यायचंय. यातलं कोणतं घेऊ?"

कागदावर तीन चौकटी होत्या. पहिलीत लिहिलं होतं संशोधन प्रकल्प, दुसरीत सामाजिक सहभाग, तिसरीत उद्योजकता. प्रत्येकीसमोर क्रेडिट किती ते. यातल्या कोणत्याही एकीवर खूण करायची.

मी १९७१ साली बी. ए. झालो, पुणे विद्यापीठाचा, मराठी माध्यमातून. आमच्या वेळी चौकट एकच होती, परीक्षेची. वर्षभर सरांनी सांगितलेल्या नोट्स उतरवायच्या आणि उन्हाळ्यात त्या उत्तरपत्रिकेत पुन्हा उतरवायच्या. त्यामुळे नातीच्या कागदाचं मला आधी कौतुकच वाटलं. विचारलं, "तुझ्या मैत्रिणी काय घेतायत?"

"बहुतेक जणी उद्योजकता. त्यात एक प्रेझेंटेशन केलं की झालं. संशोधनात लायब्ररीत बसावं लागतं आणि सामाजिक सहभागात उन्हात फिरावं लागतं."

हसू आलं, पण उत्तर काही सुचेना. त्या तीन चौकटींकडे बघताना काहीतरी खटकत होतं. मग शिक्षकाची जुनी खोड उपयोगी पडली. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर सुचलं नाही की आम्ही गोष्ट सांगायला लागतो. मी तिला आपल्या भागातल्याच कारखान्याची गोष्ट सांगितली. त्याची चिमणी ती लहानपणापासून बघत आलीय, पण गोष्ट तिला ठाऊक नव्हती. आमच्या वाचकांपैकीही बऱ्याच जणांना अर्धीच ठाऊक असेल, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आमचा भाग म्हणजे नगर जिल्ह्याचा (आताच्या अहिल्यानगरचा) उत्तरेकडचा पाटपाण्याचा पट्टा. गोदावरीचे कालवे आधी आले. मग १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं आणि प्रवरेच्या पाटांना बारमाही पाण्याची हमी मिळाली. जिथे बाजरी आणि हुलगे पिकायचे तिथे ऊस उभा राहिला. आता शेतकऱ्यांचं भलं झालं असेल असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही.

उसाचं करायचं काय, तर गूळ. शेतात चरक, त्याला बैल, चुलवणावर काहील. ऊस वाढला, गूळ वाढला, आणि १९३०च्या आगेमागे जगभर मंदी आली तेव्हा गुळाचा भाव कोसळला. पाणीपट्टी मात्र तेवढीच. खताला, बेण्याला, मजुरीला सावकाराकडून काढलेले पैसे गुळातून फिटेनात. तशात १९३२ साली सरकारने साखरधंद्याला संरक्षण दिलं आणि खाजगी साखर कारखान्यांना चांगले दिवस आले. हरिगावची बेलापूर कंपनी तर त्याच्याही आधीपासून होती. या कंपन्यांना स्वतःचा ऊस हवा म्हणून त्या पाटाखालच्या जमिनी मोठ्या मुदतीने खंडाने घेत. कर्जात बुडालेल्या माणसाला खंडाची रोख रक्कम दिसली की तो अंगठा उठवायचा. मग त्याच जमिनीवर तो रोजाने कामाला जायचा. माझे आजोबा अशाच एका मळ्यावर पाणी धरायला जात. पाणी आपल्या गावचं, माती आपली, आणि रोज मात्र दुसऱ्याच्या हातून. हे वाक्य मी आजीच्या तोंडून कितीदा ऐकलंय.

आता गोष्टीचं दुसरं टोक, पुण्याचं.

१९३० साली सातारच्या रावबहादूर रा. रा. काळे यांनी दिलेल्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. भारत सेवक समाजाच्या आवारात. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ, तेव्हा वय एकोणतीस. केंब्रिजला शिकलेले. भारताच्या औद्योगिक विकासावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२४ सालीच प्रसिद्ध झालेला. मुंबई विद्यापीठाने पदव्युत्तर अभ्यासासाठी मान्यता दिलेली ही संस्था पुढे पुणे विद्यापीठाशी जोडली गेली. खुद्द गाडगीळ १९६६-६७ मध्ये पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. म्हणजे विद्यापीठाच्या जगातला अगदी आतला माणूस.

पण या माणसाने संशोधनाला विषय कसले घेतले ते बघा. पुण्याच्या बाजारात फळं येतात ती कुणाच्या हातून कुणाच्या हातात जातात आणि बागवाल्याला त्यातलं किती मिळतं. मोटार बस नव्या नव्या सुरू झाल्या होत्या, तर सहा जिल्ह्यांत फिरून त्यांची पाहणी. वाई तालुक्यातल्या शेतकऱ्याला शेती परवडते का, त्याचा जमाखर्च. पुणे शहरात कोण राहतं, काय काम करतं, किती कमावतं. आज हे विषय ऐकून कुणी म्हणेल, यात काय मोठंसं? पण तोवर आपल्याकडचे विद्वान बहुधा साहेबाची पुस्तकं वाचून साहेबाच्या भाषेत त्यावर पुस्तकं लिहीत. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं ते मुळी परीक्षा घेण्यासाठी. कॉलेजांनी शिकवायचं, विद्यापीठाने पेपर तपासायचे. शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून "तुमचा खर्च किती, उत्पन्न किती" असं विचारणं हे विद्येचं काम आहे, हेच लोकांना नवीन होतं.

या पाहण्यांमधली एक थेट आमच्या भागाची. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा फायदा किती झाला याची. तिचा अहवाल १९४८ साली पुस्तकरूपाने निघाला. प्रश्न साधा दिसतो, पण मोठा आहे. धरणावर सरकारने केलेला खर्च पाणीपट्टीतून वसूल झाला की हिशेब संपला का? की पाण्यामुळे वाढलेली मजुरी, व्यापार, वाहतूक, बाजारपेठा हेही फायद्यात धरायचं? प्रत्यक्ष फायदा आणि अप्रत्यक्ष फायदा, दोन्ही मोजायचे. त्यासाठी माणसं आमच्या गावांतून हिंडली. मला नेहमी वाटतं, त्यांतला कुणीतरी आजोबांनाही भेटला असेल आणि आजोबांनी त्याला पाटावरची पायवाट दाखवली असेल.

आता ही दोन टोकं जुळली कशी?

लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील. शाळेत फार शिकलेले नाहीत, पण १९२३ साली त्यांनी लोणी बुद्रुकला सहकारी पतपेढी काढली होती. सावकाराच्या तावडीतून सुटायचं तर आपलेच पैसे एकत्र केले पाहिजेत, हे त्यांना कुठल्या पुस्तकातून कळलेलं नव्हतं. १९४५च्या डिसेंबरात बेलापूर रोडला, म्हणजे आताच्या श्रीरामपूरला, दख्खन कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष गाडगीळ. तिथे शेतकऱ्यांनी स्वतःचे सहकारी साखर कारखाने काढावेत हा विचार पुढे आला. विखे पाटलांनी तो उचलला आणि गावोगाव हिंडायला सुरुवात केली.

शेतकऱ्याकडून शेअरचे पैसे काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. "पाटील, कारखाना शेटजींचा असतो, कुणब्याचा कुठं असतो का?" असं लोक म्हणत. काहीजण दारातून परत पाठवत. आमच्या घरी आजीने गळ्यातली बोरमाळ काढून दिली तेव्हा वडिलांच्या नावाचा शेअर झाला. ती बोरमाळ परत झाली नाही. पण आजीने त्याबद्दल कधी कुरकुर केलेली मला आठवत नाही. तिच्या सासऱ्यांची जमीन खंडात गेलेली तिने पाहिली होती ना.

१९४८ साल संपता संपता कारखान्याची नोंदणी झाली. तेव्हा मुंबई सरकारात वैकुंठभाई मेहता मंत्री होते, सहकारातले जाणते. त्यांचा आधार मिळाला. १९५०-५१च्या हंगामात प्रवरेच्या कारखान्यात ऊस पडला. मी जन्मलो १९५० साली, तेव्हा आम्ही दोघं एका वयाचे. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना असं आमच्याकडे अभिमानाने म्हणतात. मी इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे एवढंच सांगतो की आंध्रात त्याआधी, तिसाच्या दशकात, लहान प्रमाणावर असे प्रयत्न झाले होते. पण ज्याच्याकडे बघून महाराष्ट्रात पुढे कारखान्यांची रांग लागली, तो हाच.

आणि या कारखान्याचे अध्यक्ष कोण, तर धनंजयराव गाडगीळ. एखाददुसरं वर्ष नाही, सुरुवातीची जवळजवळ दहा वर्षं.

इथे मी गोष्ट थांबवून नातीला विचारलं, "यात तुझ्या कागदावरची चौकट कोणती?"

तिने थोडा विचार केला. म्हणाली, "तिन्ही."

तिन्ही! मला खटकत होतं ते हेच. गाडगिळांनी पाहणी केली, ते संशोधन. परिषदेत शेतकऱ्यांमध्ये बसले, तो सामाजिक सहभाग. कारखाना चालवला, ती उद्योजकता. त्यांनी ही तीन कामं केली नाहीत. एकच काम केलं. अहवाल लिहून "आता तुमचं तुम्ही बघा" म्हणून ते पुण्याला निघून गेले असते तर पुस्तक कपाटात राहिलं असतं आणि आमच्या जमिनी खंडात राहिल्या असत्या. विखे पाटलांनाही नुसत्या हिमतीवर जमलं नसतं. ऊस किती, कारखान्याला लागतो किती, भांडवल किती, उसाला भाव किती दिला तर कारखाना टिकेल, हा हिशेब कुणीतरी जाणकाराने पाटी-पेन्सिल घेऊन करावाच लागतो. एकाला ओटा ठाऊक होता, दुसऱ्याला आकडा. एकमेकांचं ऐकायची दोघांची तयारी होती, हे महत्त्वाचं.

कारखान्याची रचनाही त्या हिशेबातून आलेली. सभासदाने आपला ऊस कारखान्यालाच घालायचा, म्हणजे गव्हाण रिकामी राहत नाही. शेअर कितीही असोत, मत एकच. नफा बाहेरच्या शेटजीकडे न जाता उसाच्या भावात परत यायचा. पुढे या पैशातून आणि या विश्वासातून शाळा निघाली, इंजिनियरिंग कॉलेज निघालं, दवाखाना आणि मेडिकल कॉलेजही निघालं. माझी कॉलेजची फी उसाच्या पट्टीतून गेली. साखर कारखान्यातून शाळामास्तर तयार झाला म्हणायला हरकत नाही.

नात म्हणाली, "मग तुम्ही का नाही केलं संशोधन?"

मंडळी, हा प्रश्न घरात कुणी मला आजवर विचारला नव्हता.

सांगतो. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, देशातल्या ३७ विद्यापीठांमध्ये राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. सुरुवातीला ४०,००० विद्यार्थी. आमच्या कॉलेजातही ती आली आणि मी उत्साहाने नाव दिलं. दहा दिवसांचं शिबिर एका गावात. आम्ही मुलांनी घाम गाळून गाव ते ओढा असा मुरमाचा रस्ता केला. हाताला फोड आले. शेवटच्या दिवशी पाहुणे आले, फोटो निघाला. पुढच्या पावसाळ्यात तो रस्ता ओढ्याने नेला. नंतर एकदा त्या गावाला गेलो तेव्हा एक म्हातारबुवा म्हणाले, "पोरांनो, कष्ट लई केले, पण ओढ्याचं पाणी कुठनं येतं ते आम्हाला विचारलं असतंत तर सांगितलं असतं." आमची सेवा खरी होती. पण तिला डोळे नव्हते. कॉलेजला वाटलं गावाला रस्ता हवा, म्हणून रस्ता.

त्याच सुमाराला आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी एका पाहणीसाठी आम्हा चारपाच मुलांना घेतलं. शेतमजुरांच्या घरी जाऊन फॉर्म भरायचे. फॉर्म इंग्रजीत. आम्ही मनातल्या मनात मराठी करून विचारायचो आणि उत्तर इंग्रजीत लिहायचो. मला ते काम फार आवडलं. एका बाईने सांगितलं होतं की मजुरी आठवड्याच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मिळते, म्हणून बाजार उधारीवर करावा लागतो आणि उधारीचा भाव वेगळा. फॉर्ममध्ये त्याला रकानाच नव्हता. मी मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत लिहून ठेवलं. सरांनी ते वाचलं आणि मला बोलावून घेतलं. म्हणाले, "तू पुण्याला जा. एम. ए. कर. मी चिठ्ठी देतो."

चिठ्ठी दिली त्यांनी. ती माझ्याकडे अजून आहे.

मी गेलो नाही. घरची अडचण होती असं मी सगळ्यांना सांगत आलो, आणि ती थोडीफार होतीही. पण खरं कारण दुसरं होतं. पुण्याला गेल्यावर इंग्रजीत बोलावं लागेल, इंग्रजीत लिहावं लागेल, लोक हसतील, याची भीती वाटली. १९७१च्या मे महिन्याच्या ३ तारखेला गाडगीळ गेले. माझी परीक्षा नुकतीच संपली होती. पेपरात बातमी वाचली आणि वाटलं, चला, आता जाऊन तरी काय करायचं. माणूस स्वतःला कशी कशी कारणं देतो! बी. एड. केलं, शाळेत लागलो, चौतीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवला. त्याचं दुःख नाही, चांगली मुलं हाताखालून गेली. पण त्या कोऱ्या बाजूवर लिहिलेल्या चार ओळी मात्र कधीमधी आठवतात.

असो.

आज दारं पुष्कळ उघडी आहेत, हे मान्य केलं पाहिजे. महाराष्ट्राच्या २०१६च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक विद्यापीठात नवोपक्रम आणि उद्योगांसाठी वेगळं मंडळ नेमायला सांगितलं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या मुलांनाही क्षेत्रभेटी, समाजात जाऊन काम, संशोधन प्रकल्प यांचे गुण मिळायला लागले. चौथं वर्ष संशोधनासह करता येतं. प्रकल्प मराठीत लिहिलेला चालेल, असं नातीच्या कॉलेजने सांगितलंय. हे तिने सहज सांगितलं आणि मी मिनिटभर गप्प बसलो. पन्नास वर्षांपूर्वी एवढं एक वाक्य कुणी मला सांगितलं असतं तर!

पण संधी चौकटीत बसवली की तिचं काय होतं, तेही मी त्या शिबिरात पाहिलंय. नुसतं संशोधन कपाटात जातं. नुसती सेवा पहिल्या पावसात वाहून जाते. आणि नुसती उद्योजकता? कुणाच्या तरी गरजेतून न निघालेला धंदा प्रेझेंटेशन संपलं की संपतो. म्हणून मी नातीला म्हटलं, "खूण कुठल्याही चौकटीवर कर. पण काम तिन्हींचं मिळून असू दे. आधी प्रश्न शोध, तोही लोकांकडे जाऊन."

पोरगी हुशार आहे. माझ्या गोष्टीने हुरळून गेली नाही. म्हणाली, "आजोबा, तुमच्या गोष्टीत एक गडबड आहे. शेअर ज्यांच्याकडे जमीन होती त्यांनाच मिळाला ना? मग ऊस तोडणारे कुठे आहेत?"

बरोबर बोट ठेवलं तिने. सहकाराने जमीनवाल्याला सावकारापासून आणि कंपनीपासून सोडवलं, पण ज्याला जमीनच नाही तो गव्हाणीपर्यंत ऊस पोचवूनही सभासद झाला नाही. दर हंगामाला बीडकडून आणि इतर दुष्काळी तालुक्यांतून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत तोडायचं. म्हणजे १९३०मध्ये माझे आजोबा जिथे होते तिथेच ही माणसं आज आहेत. कर्ज आधी, काम नंतर. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढून टाकल्याच्या बातम्यांनी सगळे हादरले, सरकारला समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत काम चुकलं तर खाड्याचे पैसे कापले जातात, हे त्यातलं एक कारण पुढे आलं होतं. शिवाय उसाने पाणी किती प्यायलं आणि कारखान्यांच्या निवडणुकांनी गावं कशी फोडली, तो वेगळाच विषय आहे. गाडगिळांची पुढची पाहणी कुणी केली असती तर ती या टोळ्यांची असती, असं मला वाटतं.

नातीने संशोधनाच्या चौकटीवर खूण केली. डिसेंबरात दोन दिवसांची सुट्टी काढून ती आली आणि आम्ही दोघं एका कारखान्याजवळच्या तळावर गेलो. उसाच्या पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कागदाच्या कोप्या. संध्याकाळची वेळ, बायका फडावरून नुकत्याच आलेल्या, पोरं धुरात बसलेली. मी लांब बाभळीखाली बसलो, म्हातारा पुरुष जवळ असला तर बायका बोलणार नाहीत म्हणून. नातीने मराठीत लिहिलेले प्रश्न काढले. पाणी कुठून आणता, किती वेळ लागतो, आजारी पडलात तर काय करता, पोरांची शाळा.

एका बाईने सगळी उत्तरं दिली. मग भाकरी थापता थापता विचारलं, "ताई, हे लिहून नेशील ते ठीक. पण त्याने आमचं काय होणार?"

नातीला उत्तर देता आलं नाही. परत येताना एस.टी.त ती गप्प होती. मीही मुद्दाम काही बोललो नाही. घरी आल्यावर जेवताना म्हणाली, "आजोबा, पाणी आणायला तिला रोज दीड तास लागतो. तळावर एक टाकी आणि नळ बसला तर तेवढा वेळ वाचेल. किती कोयते आहेत, किती पाणी लागेल, टाकीला किती खर्च येईल, हे मी काढू शकते. मग ते घेऊन ग्रामपंचायतीत आणि कारखान्यात जाता येईल. पण आधी पुन्हा त्यांच्याकडे जाऊन विचारायला हवं, टाकीच हवी की आणखी काही. तुमच्या रस्त्यासारखं नको व्हायला."

मी म्हटलं, "जा. मीही येतो."

रात्री कपाटातून सरांची ती चिठ्ठी काढली आणि तिला वाचायला दिली. घडीवर फाटत आलीय, पण अक्षर अजून लागतं. तिने ती आपल्या वहीत ठेवली. मी परत मागितली नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा तळावर जायचं ठरलंय. टाकी बसते की नाही, ते कळवीनच. आपल्यापैकी कुणी अशा तळावर काम केलं असेल, कुणाला ग्रामपंचायतीचा अनुभव असेल, तर जरूर सांगा. पोरीला उपयोग होईल.